आधी वजन, मग पाठ, शेवटी चेहरा

रोमन साम्राज्याचे कांस्यनाणे हातात आले की नवखा माणूस थेट चेहऱ्याकडे जातो. सोन्याच्या किंवा चांदीच्या नाण्यावर ते खपून जाते. पण जे नाणे आधी हातोहाती झिजले आणि मग सोळा-सतराशे वर्षे मातीत पडून राहिले, त्याच्यावर चेहरा हाच सगळ्यांत बेभरवशाचा साक्षीदार असतो. नाण्यावरचा सर्वांत उंच भाग तोच, त्यामुळे पहिली झीजही त्याचीच. शिवाय चौथ्या शतकातल्या टांकसाळींनी सम्राटांचे चेहरे जवळजवळ एकाच वळणाचे घडवले. कॉन्स्टंटाइन आणि त्याची मुले यांना नुसत्या नाकाडोळ्यांवरून वेगळे करणे मुरलेल्या जाणकारालाही जड जाते. म्हणून इथली कृती उलट्या क्रमाने चालते: आधी वजन आणि धातू, मग मागची बाजू, मग तळाची अक्षरे, त्यानंतर पुढचा लेख, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी.

कांस्यनाणी म्हटली तरी त्यांत पितळ, तांबे, शिसेमिश्रित कांसे आणि नावापुरती चांदी असलेला मिश्रधातू, असे सगळे येते. काळ धरायचा तो ऑगस्टसपासून अनास्टेशियसने इ.स. ४९८ मध्ये केलेल्या नाणेसुधारणेपर्यंत. त्यानंतरची नाणी बायझंटाइन म्हणून वेगळ्या ग्रंथांत जातात.

समजायला सोपे जावे म्हणून एक नमुना सोबत ठेवू. समजा, नाणे तपकिरी-हिरवट आहे. मागे दोन माणसे उभी दिसतात, खाली चार खुणा आहेत, पुढे एक अर्धवट चेहरा आहे आणि कडेने काही अक्षरे आहेत. प्रत्येक पायरीवर हे नाणे काय सांगते ते पाहत जाऊ.

तयारी

दहापट मोठे दाखवणारे भिंग, शंभरांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा सोनाराचा छोटा काटा, व्हर्निअर कॅलिपर, बाजूने वळवता येईल असा टेबलदिवा आणि वही एवढे पुरते. नाणे नेहमी कडांना धरावे आणि खाली मऊ कापड असावे. दिवा डोक्यावर नको, नाण्याच्या पातळीत एका बाजूला हवा. तिरप्या उजेडात झिजलेल्या अक्षरांच्याही सावल्या पडतात. दिवा जागेवर ठेवून नाणे हळूहळू गोल फिरवले की एका कोनात न दिसलेले अक्षर दुसऱ्या कोनात उमटते. मोबाइलने चार बाजूंच्या उजेडात चार फोटो काढून ठेवावेत. पडद्यावर मोठे करून पाहिले की डोळ्याला जे सुटते ते बऱ्याचदा तिथे सापडते.

आता धुण्याबद्दल. आपल्या घरात तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, लिंबाने, राखेने लखलखीत करण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. नाण्याला त्यातले काहीही लावू नये. नाण्यावरचे हिरवे-तपकिरी पुट ही घाण नव्हे. धातू आणि माती यांच्या शतकानुशतकांच्या प्रक्रियेतून तयार झालेला तो थर आहे आणि पुष्कळदा अक्षरांचे बारकावे त्या थरातच शिल्लक असतात. आम्लाने तो गेला की अक्षरेही जातात. फार तर डिस्टिल्ड पाण्यात नाणे काही दिवस भिजत ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि सुटलेली माती लाकडी दातकोरणीने अलगद काढावी. इतके करून थांबावे.

एक रंग मात्र धोक्याचा. फिकट, पोपटी हिरवी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी दिसली आणि टाचणीच्या टोकाने ती सहज सुटली, तर धातूत क्लोराइड शिरले आहे आणि हवेतल्या ओलाव्याने नाणे आतून पोखरले जात आहे असे समजावे. असे नाणे बाकीच्यांपासून लगेच वेगळे करून सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डबीत ठेवावे आणि संवर्धनाच्या जाणकाराला दाखवावे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ही काळजी दुप्पट लागते. मऊ पीव्हीसीच्या चकचकीत पाकिटांत नाणी साठवू नयेत, त्या प्लास्टिकमधून निघणारी द्रव्ये तांब्याला खातात.

वजन, व्यास, धातू

इथे घाई करू नये, कारण अर्धे काम याच पायरीवर होते. वजन आणि व्यास वहीत लिहिला की तीनशे-चारशे वर्षांचा पट एकदम आटोपशीर होतो.

पहिल्या-दुसऱ्या शतकातली मोठी नाणी ओळखायला सोपी. साधारण २५ ग्रॅमचे, ३२ ते ३५ मि.मी. व्यासाचे, तळहातावर चांगलेच जाणवणारे पितळी नाणे म्हणजे सेस्टर्शियस. रोमचे हिशेब याच एककात होत. भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस बाहेर जातात अशी तक्रार प्लिनीने केली, ती याच एककात. प्रत्यक्षात इकडे आली ती मुख्यतः सोन्याची आणि चांदीची नाणी, हे अवजड पितळ नव्हे. सेस्टर्शियसच्या निम्म्या किमतीचे ड्युपाँडियसही पितळेचेच, वजन १२-१३ ग्रॅम. ॲस त्याहून हलके, १०-११ ग्रॅमचे आणि तांब्याचे. ड्युपाँडियस आणि ॲस आकाराने इतके जवळजवळ असतात की पुटाखाली पितळ आहे की तांबे हे कळत नाही. अशा वेळी डोक्यावर काय आहे ते पाहावे. नीरोच्या काळापासून ड्युपाँडियसवर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट आणि ॲसवर लॉरेलच्या पानांचा मुकुट, अशी पद्धत पडली. ती शंभर टक्के पाळली गेली नाही, पण बहुधा लागू पडते. पुटाचा टवका आधीच उडालेला असेल तर तिथे पिवळे दिसते की तांबूस, एवढे बघावे. त्यासाठी नवा टवका मुद्दाम काढू नये. कॉड्रान्स म्हणून तीनेक ग्रॅमचे छोटे तांब्याचे नाणेही याच काळातले.

तिसऱ्या शतकात चित्र बदलते. कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये किरणांच्या मुकुटाचे एक नवे चांदीचे नाणे काढले. अभ्यासक त्याला अँटोनिनियानस म्हणतात. पुढच्या पन्नास वर्षांत त्यातली चांदी इतकी घटली की गॅलिएनसच्या शेवटच्या काळात ती टक्केवारीत जेमतेम उरली. म्हणून आज कांस्याच्या पेटीत सापडणारी, २ ते ४ ग्रॅमची, किरणमुकुटाची, कडा वेड्यावाकड्या असलेली नाणी इ.स. २६० ते २९४ च्या दरम्यानची समजावीत. ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये त्यांचा दर्जा सावरला आणि खाली एक्स-एक्स-आय ही खूण घातली. पूर्वेकडच्या टांकसाळींत त्याऐवजी के-ए ही ग्रीक आकड्यांची खूण येते. ती २०:१ हे तांब्या-चांदीचे प्रमाण असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

डायोक्लेशियनने इ.स. २९४ च्या सुमारास सगळी चलनव्यवस्था नव्याने मांडली. त्याचे मोठे नाणे १० ग्रॅम आणि २८ मि.मी.च्या घरातले होते. तेव्हापासून घसरण सुरू झाली ती थांबलीच नाही. इ.स. ३१३ च्या सुमारास ३ ते ४ ग्रॅम, ३३० ला अडीच ग्रॅम, ३३५ नंतर दीड ग्रॅमच्या आसपास. ३४८ ला पुन्हा मोठे नाणे आले आणि पुन्हा घसरले. शतक संपता संपता १३ मि.मी. व्यासाचे, ग्रॅमभर वजनाचे बारके नाणे उरले. त्यामुळे चौथ्या शतकातल्या नाण्याचे वजन हे जवळजवळ त्याच्या तारखेसारखे असते. झीज धरून दहा-पंधरा टक्के कमी-जास्त चालेल.

आपला नमुना: २.४ ग्रॅम, १७ मि.मी. मोठ्या नाण्यांचा प्रश्न मिटला. किरणमुकुट दिसत नाही. म्हणजे चौथे शतक, बहुधा मधला भाग.

इथेच आणखी एक चाळणी लावावी. लेख ग्रीक अक्षरांत असेल तर ते नाणे प्रांतीय आहे. अलेक्झांड्रिया किंवा आशिया मायनरमधल्या शहरांनी काढलेले. त्यांचे ग्रंथ वेगळे आहेत. आणि महाराष्ट्रातल्या संग्राहकासाठी एक खास इशारा: पश्चिम क्षत्रपांच्या छोट्या चांदीच्या नाण्यांवरही डोके आणि भोवती मोडक्या-तोडक्या ग्रीक अक्षरांची माळ असते. मागे तीन कमानींची टेकडी आणि ब्राह्मी लेख दिसला की ते रोमन नव्हे. हत्ती, जहाज किंवा उज्जैन चिन्ह असलेले शिशाचे किंवा पोटीनचे नाणे सातवाहनांचे.

मागची बाजू

रोमन टांकसाळ दर काही वर्षांनी मागचे चित्र आणि घोषवाक्य बदलत असे आणि तेच चित्र एकाच वेळी साम्राज्यभरच्या टांकसाळींत छापले जाई. चौथ्या शतकात तर हा नियम इतका पक्का आहे की चित्र ओळखले की पाच-दहा वर्षांचा काळ हाती लागतो, लेखाचे एक अक्षर वाचता आले नाही तरीही.

आधी पहिल्या तीन शतकांचे आटोपून घेऊ. मागे मोकळ्या जागेत एस आणि सी अशी दोन ठळक अक्षरे असतील तर नाणे बहुधा तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या आतले. सिनेटच्या ठरावाने, असा त्यांचा अर्थ. चित्र देवतेचे असते: तराजू आणि समृद्धीचे शिंग धरलेली समता, फूल घेतलेली आशा, सापाला खाऊ घालणारी आरोग्यदेवी, पंखवाली विजयदेवी. हातांत काय आहे ते बघणे हीच इथली युक्ती, कारण चेहरे सगळ्यांचे सारखेच. तिसऱ्या शतकात गॅलिएनसने काढलेली प्राण्यांची मालिका मोठी गोड आहे. हरीण, बकरी, पंखवाला घोडा, सेंटॉर हे सगळे त्याने देवांना साकडे घालण्यासाठी नाण्यांवर आणले. हलक्या, काळपट, वाकड्या नाण्यावर असा प्राणी दिसला तर निम्मी ओळख झालीच.

आता चौथे शतक. इथे चित्रांची ओळख पाठ करण्याइतकी उपयोगी आहे, म्हणून थोडे सावकाश.

दहा ग्रॅमचे नाणे आणि त्यावर कमरेला वस्त्र गुंडाळलेली, हातात पसरट वाटी आणि समृद्धीचे शिंग असलेली पुरुषाकृती: रोमन जनतेचा जीनियस, डायोक्लेशियन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा काळ. त्याहून लहान नाण्यावर किरणमुकुटाचा, हातात गोल धरलेला सूर्यदेव: कॉन्स्टंटाइनचा काळ, इ.स. ३१८ च्या आसपासपर्यंत. ज्याला आपण पहिला ख्रिस्ती सम्राट म्हणतो त्याच्या नाण्यांवर सूर्य इतकी वर्षे टिकला, हे पाहून नवख्याला अचंबा वाटतो. विटांचे दार, वर दोन बुरूज आणि त्यांच्यामध्ये चांदणी: छावणीचे प्रवेशद्वार, मुख्यतः ३२४ ते ३३०. दोन पिल्लांसह लांडगीण आणि पुढे शिरस्त्राण घातलेली स्त्री: रोम नगरीचे नाणे. जहाजाच्या नाळेवर उभी विजयदेवी: नवी राजधानी कॉन्स्टँटिनोपल. ही दोन्ही ३३० पासूनची आणि दोन्हींच्या पुढच्या बाजूला सम्राटच नसतो. चेहऱ्याने सुरुवात करणारा इथे ठार अडकतो.

मग येतात दोन सैनिक. लेख ग्लोरिया एक्सर्सिटस, सैन्याचा गौरव. दोघांच्या मध्ये दोन ध्वजदंड असतील तर ३३० ते ३३५. एकच असेल तर ३३५ ते ३४१. चौथ्या शतकातल्या सगळ्यांत जास्त सापडणाऱ्या नाण्यांपैकी हे एक, आणि मधला भाग झिजलेला असला की दंड एक की दोन हे कळत नाही. तिथे मागच्या पायरीतले वजन कामी येते: अडीच ग्रॅमच्या जवळ असेल तर दोन, दीडच्या जवळ असेल तर एक.

यानंतर दोन विजयदेवी समोरासमोर हार धरून उभ्या, ३४७-३४८. मग फेल टेम्प रेपारासिओ, सुखाचे दिवस परत आले अशी घोषणा. रोमच्या स्थापनेला ११०० वर्षे होण्याच्या सुमारास, ३४८ मध्ये, ती आली. चित्रे अनेक: जहाजावर सम्राट, फिनिक्स पक्षी, झोपडीतून मुलाला बाहेर नेणारा सैनिक. पण बहुतेक वेळा दिसणार तो घोड्यावरून कोसळणारा शत्रू आणि त्याला भाला भोसकणारा रोमन. सुखाच्या दिवसांची जाहिरात करायला हे चित्र निवडणाऱ्यांबद्दल काय म्हणावे! मोठा ख्रिस्तचिन्हाचा मोनोग्राम आणि बाजूंना अल्फा-ओमेगा: बंडखोर मॅग्नेन्शियस, ३५० ते ३५३. आठ-नऊ ग्रॅमचे मोठे नाणे आणि मागे भला थोरला बैल: ज्युलियन, ३६२-३६३, दाढी असल्यास शंकाच नको. सम्राट एका कैद्याला केसांनी धरून ओढतोय किंवा विजयदेवी हार घेऊन डावीकडे चालली आहे, वजन दोन-अडीच ग्रॅम: व्हॅलेन्टिनियन, व्हॅलेन्स किंवा ग्रेशियन, ३६४ ते ३७८. आणि ग्रॅमभराच्या बारक्या नाण्यावर विजयदेवीच कैद्याला ओढतेय, बाजूला क्रूसासारखी खूण: थिओडोशियसचा काळ आणि त्याच्या पुढे.

या शेवटच्या बारक्या नाण्यांशी आपला खरा संबंध येतो. तमिळनाडूत करूर आणि मदुराई परिसरात, तसेच श्रीलंकेत, चौथ्या-पाचव्या शतकातली अशी रोमन तांब्याची नाणी मोठ्या संख्येने मिळाली आहेत. बहुतेक पार झिजलेली. श्रीलंकेत त्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या. अशा नाण्यावर लेख वाचायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, मागचे चित्र कळले तरी पुष्कळ.

नमुना: दोन सैनिक, मध्ये दोन दंड, वजन अडीचच्या जवळ. इ.स. ३३० ते ३३५.

तळाची अक्षरे

चित्राच्या पायाखाली एक आडवी रेघ असते आणि रेघेखाली बारीक अक्षरे. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे टांकसाळीची खूण येऊ लागते आणि चौथ्या शतकात ती जवळजवळ नेहमीच असते. या खुणेचे तीन तुकडे पडतात. सुरुवातीला कधी कधी एस-एम, म्हणजे पवित्र टांकसाळ. मग शहराचे संक्षिप्त नाव. आणि एका टोकाला कार्यशाळेचा क्रमांक: पश्चिमेकडे बहुधा पी, एस, टी, क्यू, म्हणजे लॅटिनमधले पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पूर्वेकडे अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा.

शहरे ओळखायला फार वेळ लागत नाही. टी-आर म्हणजे ट्रिअर, एल-जी म्हणजे ल्यों, ए-क्यू म्हणजे ॲक्विलिया, आर म्हणजे रोम, एस-आय-एस म्हणजे सिसिया (आजच्या क्रोएशियातले सिसाक), टी-एस किंवा टी-ई-एस म्हणजे थेस्सालोनिकी. एस-एम-एच हेराक्लिया, एस-एम-एन निकोमीडिया (तुर्कस्तानातले इझ्मित), एस-एम-ए-एन-टी किंवा एस-एम-ए-एन अँटिओक, एस-एम-ए-एल अलेक्झांड्रिया. पी-एल-एन किंवा पी-एल-ओ-एन दिसले तर लंडन; ती टांकसाळ ३२५ मध्ये बंद झाली, म्हणून त्यानंतरच्या चित्राबरोबर ही अक्षरे वाचलीत तर पुन्हा बघा.

सगळ्यांत मोठा सापळा सी-ओ-एन-एस या चार अक्षरांचा. त्यांच्यापुढे ग्रीक अंकाक्षर असेल तर कॉन्स्टँटिनोपल. पण टी जोडलेला असेल, म्हणजे सी-ओ-एन-एस-टी, आणि आधी पी किंवा एस असेल, तर ते फ्रान्समधले आर्ल. कॉन्स्टंटाइनच्या घराण्याच्या मानार्थ त्या शहराचे नाव काही काळ बदलले होते. बाजारात विकायला असलेल्या नाण्यांच्या वर्णनांत ही चूक इतक्या वेळा दिसते की मी ही अक्षरे दुसऱ्याच्या वाचनावर कधीच मान्य करत नाही.

अक्षरांच्या मागेपुढे ठिपका, चांदणी, चंद्रकोर, छोटा हार असे काही असेल तर तेही वहीत काढून घ्यावे. तीच नाणी कोणत्या फेरीत छापली गेली हे त्यावरून कळते. सूचीतले क्रमांक पुष्कळदा या एका ठिपक्यावर बदलतात.

नमुना: एस, एम, के आणि एक त्रिकोण. के म्हणजे कायझिकस, मार्मारा समुद्राच्या दक्षिण काठावरचे शहर. त्रिकोण म्हणजे डेल्टा, चौथी कार्यशाळा. इतका वेळ चेहऱ्याकडे पाहिलेही नाही आणि स्थळ, काळ दोन्ही हाती आले.

पुढचा लेख

लेख साधारण घड्याळातल्या सातच्या जागेपासून सुरू होतो आणि घड्याळाच्या दिशेने वर चढून पाचपर्यंत उतरतो. शब्दांमध्ये जागा नसते. यू लिहायला व्हीच वापरतात. ए ची मधली आडवी रेघ पुष्कळदा नसते. जी अक्षरे नक्की दिसतात तीच लिहावीत आणि न दिसणाऱ्यांच्या जागी ठिपके द्यावेत. अंदाजाने भरलेले अक्षर थोड्याच वेळात वाचलेल्या अक्षरासारखे वाटू लागते. लेख मध्ये कुठे तुटतो, म्हणजे डोक्यावरच्या फटीमुळे कोणत्या दोन अक्षरांमध्ये अंतर पडले आहे, तेही नोंदवावे.

सुरुवात आणि शेवट बिरुदांचे असतात, नाव मध्ये. आय-एम-पी किंवा आय-एम-पी सी-ए-ई-एस ने सुरुवात झाली तर बहुधा पहिली तीन शतके किंवा चौथ्याचा आरंभ. डी-एन, म्हणजे आमचा स्वामी, ही सुरुवात चौथ्या शतकात रुळली. ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस, गादीवरचा सम्राट. एन-ओ-बी सी म्हणजे सीझर, नेमलेला वारस. नाव कळण्याआधी हा फरक कळला तरी अर्धी नावे गळून पडतात.

दुसऱ्या शतकात सी-ओ-एस आणि टी-आर-पी यांच्या पुढचे आकडे कामाचे. टी-आर-पी, म्हणजे ट्रिब्यूनचा अधिकार, याचा आकडा दरवर्षी वाढतो, त्यामुळे तो पूर्ण वाचता आला तर वर्षच मिळते. सी-ओ-एस किती वेळा कॉन्सल झाला ते सांगतो. हेड्रियन तिसऱ्यांदा कॉन्सल झाला ११९ मध्ये आणि नंतर कधीच नाही. पी-पी, राष्ट्रपिता, हे बिरुद त्याने १२८ मध्ये घेतले. म्हणजे आकडा तीन असून पी-पी नसेल तर ११९ ते १२८, असेल तर त्यानंतर.

अँटोनिनस हे नाव मात्र सावधपणे वाचावे. अँटोनिनस पायस, मार्कस ऑरेलियस, कॅराकॅला आणि एलागाबालस अशा अनेकांच्या नाण्यांवर ते येते. मार्कसच्या नावाआधी बऱ्याचदा एम असतो, कॅराकॅलाला ब्रिटनविजयाचे बिरुद जोडलेले असते. तरीही वजन आणि दाढी यांची साक्ष काढावी लागते.

कॉन्स्टंटाइन घराण्यासाठी एक खात्रीची युक्ती आहे. कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टन्स या तिघांच्या लॅटिन नावांची पहिली सात अक्षरे सारखी. आठवे अक्षर एस असेल तर कॉन्स्टन्स. आठवे टी असेल तर सरळ दहाव्यावर जावे: तिथे एन असेल तर कॉन्स्टंटाइन, व्ही असेल तर कॉन्स्टँटियस. व्हॅलेन्स आणि व्हॅलेन्टिनियन यांच्यात सहावे अक्षर बघावे: एस की टी. नावाच्या आसपासचे जोडशब्दही सांभाळावेत. एम-ए-एक्स ए-व्ही-जी असेल तर थोरला कॉन्स्टंटाइन, आय-व्ही-एन असेल तर त्याच नावाचा धाकटा.

नमुना: सुरुवातीची काही अक्षरे गेली आहेत. शेवटी आय-व्ही-एन, एन-ओ-बी, सी स्पष्ट. म्हणजे धाकटा कॉन्स्टंटाइन, सीझर असताना. तो ऑगस्टस झाला ३३७ मध्ये. मागच्या चित्राने दिलेल्या ३३० ते ३३५ या काळाशी हे जुळते. तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता.

आता चेहरा

चेहऱ्याचे काम आता फक्त तपासणीचे. डोक्यावर काय आहे ते आधी: पानांचा मुकुट, किरणांचा मुकुट, मोत्यांची पट्टी, शिरस्त्राण की काहीच नाही. कॉन्स्टंटाइनच्या उत्तरकाळापासून मोत्यांची किंवा रत्नांची पट्टी ही ऑगस्टसची, पानांचा मुकुट किंवा उघडे डोके सीझरचे. घोडेस्वार कोसळतानाच्या नाण्यावर नाव कॉन्स्टँटियस वाचले पण डोके उघडे आहे, तर तो दुसरा कॉन्स्टँटियस नव्हे, त्याचा चुलतभाऊ गॅलस. एवढ्या एका खुणेवर माणूस बदलतो.

मोठ्या नाण्यांवर मात्र चेहरा भरपूर बोलतो. नीरोची जाड मान, व्हेस्पेशियनचे टक्कल आणि चौकोनी जबडा, मॅक्झिमिनस थ्रॅक्सची पुढे आलेली हनुवटी विसरता येत नाहीत. पूर्ण दाढीची प्रथा हेड्रियनने सुरू केली, म्हणून भरघोस दाढीचा सम्राट ११७ च्या आधीचा नसतो. राण्यांचा काळ केशरचनेवरून लागतो: डोक्यावर अंबाडा म्हणजे थोरली फॉस्टिना, जाड लाटांचा टोप म्हणजे ज्युलिया डोम्ना. अशा नाण्यांवर ही पायरी थोडी आधी घेतली तर बिघडत नाही.

नमुना: पानांचा मुकुट, तरुण चेहरा. जुळले. पट्टी दिसली असती तर लेख पुन्हा वाचावा लागला असता.

खरे की खोटे

ओतीव नकलेच्या कडेवर बहुधा जोडाची बारीक रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा असतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ दिसतात. ठशाने ठोकलेल्या खऱ्या नाण्याच्या कडेला बऱ्याचदा चिरा पडलेल्या असतात आणि अक्षरांभोवती धातू बाहेर सरकल्याच्या रेषा दिसतात. दोन नाण्यांवर ओरखडा आणि खड्डा अगदी एकाच जागी असेल तर दोन्ही ओतीव. याउलट अक्षरे निरर्थक, माणसे काडीची, वजन कमी आणि पुट मात्र अस्सल, असे असेल तर ती त्याच काळातली नक्कल असण्याची शक्यता मोठी. किरणमुकुटाच्या नाण्यांच्या आणि कोसळत्या घोडेस्वाराच्या अशा नकला त्या काळी खूप झाल्या. त्या टाकाऊ नाहीत, त्यांची नोंद अनुकृती म्हणून करावी.

तुर्कस्तानच्या सहलीत भग्नावशेषांजवळ कुणी मुठीतून नाणे दाखवले तर हात आखडता घ्यावा. नकली असेल तर पैसे जातात, अस्सल असेल तर ते देशाबाहेर नेणे तिथे गुन्हा आहे. आपल्याकडेही शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

सूचीतला क्रमांक आणि चिठ्ठी

रोमन साम्राज्याच्या नाण्यांची मुख्य सूची रोमन इम्पीरियल कॉइनेज ही दहा खंडांची. पहिला खंड १९२३ चा. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने तिच्यावर आधारलेला, ओसीआरई नावाचा विनामूल्य शोधसंच इंटरनेटवर ठेवला आहे. सुरुवातीच्या खंडांची मांडणी मुख्यतः सम्राटाप्रमाणे आहे, पण सहाव्या ते नवव्या खंडांत, म्हणजे २९४ ते ३९५ या काळासाठी, आधी टांकसाळ आणि मग नाणे अशी आहे. तळाची अक्षरे आधी वाचायची ती यासाठीच. टांकसाळ ठाऊक नसेल तर सातव्या खंडात शिरायला दारच सापडत नाही. शोधसंचात टांकसाळ, सम्राट आणि मागचा लेख एवढे तीन रकाने भरले की हजारो नोंदींतून मोजक्या उरतात. मग ठिपके, चांदण्या आणि लेखाची तुटण्याची जागा ताडून एकेक गाळावी. डोळा बसायला पुस्तकातल्या चित्रांइतकीच खरी नाणीही बघावीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाणेदालन आणि नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेचे संग्रहालय त्यासाठी आहेत.

शेवटी चिठ्ठी. आम्लविरहित कागदाचे छोटे पाकीट, त्यावर शिसपेन्सिलीने नोंद. जे वाचले ते सरळ, जे अनुमानाने ठरवले ते कंसात, जे ठरले नाही तिथे प्रश्नचिन्ह. आपल्या नमुन्याची चिठ्ठी अशी होईल:

कॉन्स्टंटाइन दुसरा, सीझर असताना. कायझिकस, चौथी कार्यशाळा. इ.स. ३३०–३३५. पुढे: मुकुटधारी, उजवीकडे, लेखाची सुरुवात गेलेली, शेवट आय-व्ही-एन एन-ओ-बी सी. मागे: दोन सैनिक, दोन ध्वजदंड, (ग्लोरिया एक्सर्सिटस). तळाशी एस-एम-के-डेल्टा, पुढे ठिपका? २.४ ग्रॅम, १७ मि.मी. रोमन इम्पीरियल कॉइनेज, खंड ७, कायझिकस; क्रमांक ठिपक्यावर अवलंबून.